पिच कुणाच्या खात्यावर मांडायचे?

२०२४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम जेमतेम सुरू झाला होता, तोच शेन बीबर आणि स्पेन्सर स्ट्रायडर हे पहिल्या फळीतले दोन पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारे खेळाडू) कोपराच्या दुखापतीने उरलेल्या हंगामाला मुकले. लगेच जुंपली. खेळाडूंच्या संघटनेने २०२३पासून लागू झालेल्या पिच क्लॉककडे बोट दाखवले: दोन पिचमधला, म्हणजे टाकलेल्या दोन चेंडूंमधला, वेळ कमी केला, हाताला दम घ्यायला फुरसतच उरली नाही. व्यवस्थापनाने ते फेटाळले आणि दोष वेगाच्या हव्यासावर टाकला. डिसेंबर २०२४मध्ये मेजर लीगने या दुखापतींवर सविस्तर अहवाल काढला, तेव्हाही चर्चा वेग, चेंडूची फिरकी आणि घड्याळ यांच्याभोवतीच फिरत राहिली. शाळकरी वयातल्या वर्षभराच्या खेळाचा मुद्दा त्यात होता, पण तो कुणी फारसा उचलला नाही. आणि दरवर्षी वसंतात गल्लीतल्या मैदानावर हाच वाद छोट्या आवृत्तीत निघतो. बाराव्या वर्षी कर्व्हबॉल, म्हणजे वळत खाली जाणारा चेंडू, शिकवावा की नाही? पूर्वीची मुलं दिवसभर चेंडू फेकायची, त्यांना कुठे काय झालं? सगळे एकमेकांवर ओरडतात आणि ज्याच्या कोपरावर बर्फ लावलाय तो मुलगा डगआउटमध्ये बसून चिप्स खात असतो.

या वादातला मूळ प्रश्न हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब आपण चुकीच्या वहीत मांडतो. मुलाने किती पिच टाकले याची नोंद संघ ठेवतो, लीग ठेवते, स्पर्धा ठेवते. मुलाच्या नावावर, सगळे संघ आणि बाराही महिने धरून ती कुणीच ठेवत नाही. ती तशी ठेवायला हवी, आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचीही ठेवायला हवी. हे झाल्याशिवाय कर्व्हबॉलवर कितीही घसा कोरडा केला तरी हाती काही लागणार नाही.

आधी कोपर पाहू. तळहात वर करून हात पुढे करा आणि दुसऱ्या हाताचं बोट कोपराच्या आतल्या बाजूला ठेवा. तिथे हाडाचा एक टेंगूळ लागतो. मनगट वाकवणारे बरेचसे स्नायू आणि कोपर आतल्या बाजूने सांधून धरणारा लिगामेंट याच टेंगळावर येऊन बांधलेले असतात. मोठ्या माणसात तो टेंगूळ मूळ हाडाशी एकजीव असतो. नऊ-दहा ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलात तो कूर्चेच्या पातळ थराने, म्हणजे ग्रोथ प्लेटने, नुसता चिकटलेला असतो. पिच टाकताना हात मागे ताणला जातो आणि पुढे झेपावतो त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडल्यासारखी ओढली जाते, बाहेरची बाजू दाबली जाते. दोर मजबूत आणि खुंटी ओल्या मातीत रोवलेली असेल तर काय होईल? दोर तुटत नाही, खुंटी हलते. म्हणून विशीतल्या पिचरचा लिगामेंट फाटतो आणि अकरा वर्षांच्या मुलाचा तो टेंगूळच ओढला जाऊन सुजतो. ब्रॉग्डन आणि क्रो या दोन डॉक्टरांनी १९६०मध्ये एक्स-रेवर हे दाखवून दिलं आणि त्याला ‘लिटल लीगर्स एल्बो’ हे नाव पडलं. लिटल लीग ही मुलांची बेसबॉल संघटना १९३९मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झाली होती. म्हणजे दोन दशकं उलटून गेल्यावर दुखण्याला नाव मिळालं. आणि ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणणाऱ्यांची ‘वेळ’ बहुधा त्यानंतरचीच असते.

आता कर्व्हबॉलवाल्यांचं म्हणणं. ते उडवून लावण्यासारखं नाही. ९ ते १४ वर्षांच्या पिचरांवरचा २००२चा एक मोठा अभ्यास आहे. त्यात कर्व्हबॉल टाकणाऱ्या मुलांत खांदेदुखीचा धोका ५२ टक्क्यांनी आणि स्लायडर (वेगात आडवा सरकणारा चेंडू) टाकणाऱ्यांत कोपरदुखीचा धोका ८६ टक्क्यांनी जास्त दिसला. आकडे लहान नाहीत. पण पुढे अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत मुलांच्या अंगावर चकचकीत खुणा चिकटवून, वेगवान कॅमेऱ्यांनी प्रत्येक पिच टिपून कोपरावरचा ताण मोजला, तेव्हा कर्व्हबॉलचा ताण फास्टबॉलपेक्षा जास्त निघाला नाही. उलट फास्टबॉलचाच जास्त निघाला. मग आधीच्या अभ्यासातली दुखणी आली कुठून? एक साधी शक्यता कुणी फारशी बोलत नाही. बाराव्या वर्षी ज्याला कर्व्हबॉल जमतो तो संघातला सगळ्यात चांगला पिचर असतो, म्हणून प्रत्येक अटीतटीच्या वेळी चेंडू त्याच्याच हातात दिला जातो. तो जास्त टाकतो म्हणून दुखतं की वळवून टाकतो म्हणून दुखतं, हे सांगायचं तर आधी तो एकूण किती टाकतो हे माहीत पाहिजे. तिथेच आपली पाटी कोरी आहे.

याउलट जिथे प्रमाणाचा हिशेब लावला गेला तिथे चित्र फार स्वच्छ आहे. शस्त्रक्रियेपर्यंत गेलेल्या आणि न गेलेल्या तरुण पिचरांची तुलना २००६मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षातले आठ महिन्यांहून जास्त काळ पिच करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट होती, सामन्यात सरासरी ८०हून जास्त पिच टाकणाऱ्यांत चौपट, आणि हात थकलेला असतानाही नेहमी पिच करत राहणाऱ्यांत छत्तीसपट. ४८१ मुलांचा दहा वर्षं पाठपुरावा करून २०११मध्ये मांडलेल्या अभ्यासात वर्षाला १००हून जास्त इनिंग (इनिंग म्हणजे तीन जण बाद होईपर्यंतचा डाव) टाकणाऱ्याला गंभीर दुखापत होण्याची शक्यता साडेतीनपट निघाली. वर्षाला. सामन्याला नव्हे, संघालाही नव्हे.

नियम नाहीत असं म्हणता येत नाही. लिटल लीगने २००७पासून इनिंगची मर्यादा सोडून पिचची मर्यादा आणली, आणि ती चांगली आहे. ७-८ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५० पिच, ९-१०ला ७५, ११-१२ला ८५, १३ ते १६ला ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ पिच टाकले तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५०ला दोन, ५१ ते ६५ला तीन, ६६ आणि त्यापुढे चार. एका सामन्यात ४१ किंवा जास्त पिच टाकणाऱ्याने त्या दिवशी पुढे कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणून उभं राहायचं नाही, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतच असतो. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी २०१४मध्ये काढलेल्या ‘पिच स्मार्ट’ शिफारशी आणखी पुढे जातात. ९ ते १२ वयात वर्षाला ८० इनिंगपेक्षा जास्त नको, आणि वर्षातले निदान चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग, जेव्हा हात डोक्यावर नेऊन काहीच फेकायचं नाही.

पण गळती बघा. अकरा वर्षांचा मुलगा शनिवारी सकाळी लीगच्या सामन्यात ३५ पिच टाकतो. कोच क्लिकर हातात धरून बरोबर ३५वर त्याला काढतो, कारण ३६वा टाकला की एका दिवसाच्या जागी दोन दिवस सुट्टी. दुपारी तोच मुलगा ट्रॅव्हल टीमच्या, म्हणजे गावोगावच्या स्पर्धा खेळणाऱ्या खासगी संघाच्या, गणवेशात दुसऱ्या गावी कॅचर म्हणून चार इनिंग उभा राहतो. रविवारी त्याच टीमसाठी ५० पिच. लीगच्या वहीत ३५ आहेत, नियमात बसतात. स्पर्धेच्या वहीत ५० आहेत, त्यांच्या नियमात बसतात. मुलाच्या कोपरात मात्र ८५ आहेत, शिवाय शनिवार-रविवारी सामन्याआधी मैदानाच्या कडेला गरम होताना टाकलेले वीस-पंचवीस, प्रत्येक इनिंगच्या सुरुवातीचे सात-आठ, आणि कॅचर म्हणून परत फेकलेले साठ-सत्तर. फ्लोरिडातल्या हायस्कूल सामन्यांत एका अभ्यासगटाने असे सगळेच पिच मोजले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींनुसार सामन्याच्या दिवशी टाकलेल्या पिचपैकी ४२.४ टक्के अधिकृत मोजणीत येतच नव्हते. दुकानदाराने गल्ल्यातली जवळपास निम्मी विक्री वहीत लिहिलीच नाही तर त्या वहीवरून धंदा कसा चाललाय हे कोण सांगणार?

इथे सगळ्यात दमदार आक्षेप येतो आणि तो प्रशिक्षकांकडून येतो. हे आकडे आले कुठून? ८५ला हात शाबूत आणि ८६ला मोडतो का? ताकद न लावता टाकलेले ७५ आणि जीव काढून टाकलेले ४० यांत कुठला भार मोठा? बारा वर्षांची दोन मुलं, एकाला मिसरूड फुटलेलं आणि दुसरा अजून दुधाच्या दातांतून नुकता सुटलेला, दोघांना एकच आकडा कसा? हे सगळं खरं आहे. आकडे तज्ज्ञांच्या अनुभवातून आणि उपलब्ध अभ्यासातून ठरवलेले आहेत, कुठल्या निसर्गनियमातून नाहीत. फेकण्याची पद्धत महत्त्वाची आहे: पुढचा पाय आधीच उघडणारा, कंबर आणि खांदा एकदमच फिरवणारा मुलगा पायाकडून मिळायची ताकद वाया घालवतो आणि ती भरपाई हाताकडून वसूल करतो. चांगला कोच हे पाहतो आणि आकडा गाठायच्या आत मुलाला काढतो. कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरू लागलं, चेंडू वर वर जाऊ लागला, दोन पिचमध्ये मुलगा हात झटकू लागला, की ४०व्या पिचलाही खेळ संपला.

पण घाटातल्या वळणावर ताशी ३० किलोमीटरची पाटी असते, तिचाही आकडा असाच ठरवलेला असतो. पट्टीचा चालक ४०ने सुखरूप जातो, नवशिका २५नेही कठड्याला घासतो. म्हणून कुणी पाटी काढून टाका म्हणत नाही. पाटी असते ती चालकाला घाई असते तेव्हासाठी. मुलांच्या सामन्यात घाईचा क्षण ठरलेला आहे: शेवटची इनिंग, एका धावेची आघाडी, दोन बेसवर (धावपटूंच्या थांब्यांवर) माणसं, आणि डगआउटमध्ये दुसरा भरवशाचा पिचर नाही. त्या क्षणी कोचची नजर कोपरावर नसते, धावफलकावर असते. तो वाईट माणूस नसतो. आकडा त्याच्यासाठीच लिहिलेला असतो.

‘पूर्वीची मुलं दिवसभर फेकायची’ या मुद्द्यातही सत्याचा अंश आहे आणि तो नीट वाचला तर उलट्या बाजूने साक्ष देतो. पूर्वीचा मुलगा दिवसभर फेकायचा, पण काय? थोडा बेसबॉल, थोडे दगड तळ्यात, हिवाळा आला की बास्केटबॉल. मोजून-मापून ६० पिच, प्रत्येक पिच वेग मोजणाऱ्या रडार गनवर पाहत, सलग अकरा महिने, हे त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. त्याचे सवंगडी कंटाळले की खेळ थांबायचा. आजच्या मुलाचा खेळ थांबवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी स्पर्धेची फी आगाऊ भरलेली असते. आणि ज्यांचा हात त्या काळी कायमचा गेला ते आज ‘आमच्या वेळी’ म्हणायला मैदानावर येत नाहीत, हाही हिशेब धरायला हवा.

डोक्याच्या बाबतीत हाच युक्तिवाद एकदा पुरा चालवून पाहिलेला आहे. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. मेजर लीगमध्ये फलंदाजाला हेल्मेट सरसकट सक्तीचं झालं १९७१मध्ये, तेही आधीपासून खेळणाऱ्यांना सूट देऊन. मधली पन्नास वर्षं काय अडलं होतं? मर्दानगी, परंपरा, खेळाचं रूप बिघडेल ही भीती. आपल्याकडेही १९६२मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीला चेंडू लागला. शस्त्रक्रिया करून जीव वाचला, कसोटी कारकीर्द संपली. तरी कसोटी सामन्यात पहिलं हेल्मेट दिसायला १९७८ उजाडलं. आज हेल्मेटशिवाय मुलाला नेट्समध्ये उभं करणाऱ्या बापाला लोक वेड्यात काढतील. कोपराचं दुर्दैव एवढंच की ते एका क्षणात, सगळ्यांसमोर, रक्त सांडून मोडत नाही. ते शनिवार-रविवारच्या हप्त्यांनी मोडतं.

नियमाने खेळ मरतो का, याचंही उत्तर उपलब्ध आहे. मिशिगनमध्ये १९८०च्या दशकात हौशी सॉफ्टबॉल सामन्यांत जमिनीत घट्ट ठोकलेल्या बेसऐवजी धक्का बसताच निखळणारे बेस लावून पाहिले. घसरत येताना पाय अडकून होणाऱ्या दुखापती ९६ टक्क्यांनी घटल्या. २००८पासून लिटल लीगने असे बेस सक्तीचे केले. कुणाला आठवतंय तरी का, की त्याआधी बेस खिळलेले असायचे? छातीवर नेमक्या क्षणी चेंडू बसून हृदयाची लय बिघडणं हे दुर्मीळ पण जीवघेणं. तिथेही वाद फार झाले, आणि शेवटी कामाला आल्या दोन साध्या गोष्टी: प्रमाणित छातीरक्षक, आणि मैदानापासून तीन मिनिटांच्या आत हाताशी येईल असं, हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी यंत्र, ते चालवता येणाऱ्या माणसासकट. कुलूपबंद ऑफिसातलं एईडी हे भिंतीवरच्या कॅलेंडरइतकंच उपयोगी.

जपानचं उदाहरण मात्र जरा थांबून पाहण्यासारखं आहे, कारण तिथे भावना सगळ्यात तीव्र होत्या. कोशिएनची हायस्कूल स्पर्धा म्हणजे तिथला राष्ट्रीय सण. १९९८मध्ये दाइसुके मात्सुझाकाने १७ इनिंगच्या एकाच सामन्यात २५० पिच टाकले आणि देशाने त्याला डोक्यावर घेतलं. २०१८मध्ये अकिताच्या एका कृषी विद्यालयाच्या कोसेइ योशिदाने त्या उन्हाळ्याच्या स्पर्धेत ८८१ पिच टाकले. पुन्हा जयजयकार, पण या वेळी त्याच्यासोबत प्रश्नही आले. लहान शाळांचं म्हणणं होतं की मर्यादा घातली तर पाच-पाच पिचर पदरी असलेल्या मोठ्या शाळाच जिंकतील. हा आक्षेप न्याय्य होता, आजही आहे. तरी २०२०पासून तिथल्या हायस्कूल महासंघाने आठवड्याला ५०० पिचची मर्यादा घातली. पाचशे हा आकडा फार उदार आहे, हे मान्यच. पण त्यातली एक गोष्ट अमेरिकेने उचलण्यासारखी आहे: तो आकडा एका सामन्याला बांधलेला नाही, आठवडाभर मुलाच्या मागे चालतो. आणि त्याच देशातल्या तोकुशिमा प्रांतात १९८१पासून शाळकरी बेसबॉलपटूंच्या कोपरांची मैदानावरच तपासणी होते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा तुकडा सैल होण्याचा जो आजार ११ ते १५ वयात गाठतो, तो सुरुवातीला दुखतच नाही. दुखेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

सॉफ्टबॉलकडे वळलं की वादाची पातळीच घसरते. हात खालून फिरतो, नैसर्गिक हालचाल आहे, तिला काही होत नाही, असं सर्रास सांगतात. विंडमिल पिचमध्ये हात खांद्याभोवती पूर्ण चक्कर मारून कंबरेपाशी चेंडू सोडतो. त्या चक्रात चेंडू आणि हात मिळून खांद्याला सांध्यातून बाहेर ओढतात, आणि ही ओढ बेसबॉल पिचरच्या खांद्यावरच्या ओढीच्याच पंगतीतली असल्याचं मोजमापांनी दाखवलं आहे. ती थोपवायचं काम बरंचसं दंडाच्या पुढच्या स्नायूवर, बायसेप्सवर, पडतं. म्हणून या मुलींचं दुखणं कोपराऐवजी खांद्याच्या पुढच्या भागात, बायसेप्सची कंडरा जिथे सांध्यात शिरते तिथे सुरू होतं. अमेरिकी हायस्कूल बेसबॉलला २०१७पासून प्रत्येक राज्यात पिचच्या संख्येवर बंधन आहे; सॉफ्टबॉलला तसं बंधन नाही. परिणाम ठरलेला: संघात एक किंवा दोन पिचर, आणि त्याच मुली शनिवारी दोन-तीन सामने, रविवारी पुन्हा. सॉफ्टबॉलवरचे अभ्यास बेसबॉलइतके मुबलक नाहीत, हा बंधन नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण अभ्यास कमी का? कुणी मोजलंच नाही म्हणून. मोजत नाही म्हणून पुरावा नाही आणि पुरावा नाही म्हणून मोजत नाही, हे चक्र विंडमिलपेक्षाही सुरेख फिरतं. ४० फुटांवरून टाकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीकडे जोरात मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत परत येतो. तिच्या तोंडावर जाळीचा मुखवटा असावा की नाही यावरसुद्धा मतभेद आहेत, याला काय म्हणावं!

दुखणं झालंच तर काय, यावरही गैरसमजांचा डोंगर आहे. पहिला गैरसमज बर्फ आणि गोळीचा. बर्फ कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं लावला की ठणका कमी होतो. कूर्चा त्याने जुळत नाही. वेदनाशामक गोळी देऊन मुलाला माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, पाठवणं म्हणजे धोक्याचा दिवा पेटला म्हणून दिव्यावर चिकटपट्टी लावणं. फेकताना कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं, दाबलं की दुखतं, फेकीची लांबी किंवा नेम घटलाय, अशा मुलाची फेक त्याच दिवशी बंद करायची आणि दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढायचा. दोन्ही अशासाठी की वाढत्या हाडात ग्रोथ प्लेटची फट मुळातच असते. ती रुंदावली आहे का हे न दुखणाऱ्या कोपराशी ताडूनच कळतं. फेकता फेकता ‘कट्’ असा आवाज आला, लगेच सूज आली, हात सरळ होईना, तर टेंगूळच सुटला असण्याची शक्यता असते आणि तिथे उद्याची वाट पाहायची नाही. कोपर बाहेरच्या बाजूने दुखत असेल, अडकत असेल, तर एमआरआय. खांद्याच्या वरच्या भागात, दंडाच्या हाडाच्या ग्रोथ प्लेटला मार बसला असेल तर सुट्टी तीन महिन्यांच्या आसपास जाते.

साध्या लिटल लीगर्स एल्बोला बहुधा चार ते सहा आठवडे फेकणं पूर्ण बंद लागतं. पूर्ण म्हणजे शॉर्टस्टॉपवरूनही (क्षेत्ररक्षणाच्या जागेवरूनही) नाही आणि अंगणात भावासोबतही नाही. या काळात मुलाला सोफ्यावर लोळू द्यायचं नाही. पळणं, पाय, पोट-कंबर, खांद्यामागचे फऱ्याचे स्नायू यांचा व्यायाम चालू ठेवायचा. दाबल्यावर दुखत नाही, हात दोन्हीकडे सारखा हलतो, ताकद सारखी आहे, हे तिन्ही जमलं की परतीची फेक सुरू. दिवसाआड. तीस फुटांवरून हलक्या हाताने २५ फेका, मग पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा २५. दुखलं नाही तर पुढच्या खेपेला फेका वाढवायच्या, मग अंतर ४५ फूट, ६० फूट. दुखलं तर एक पायरी खाली. माउंड सगळ्यात शेवटी, तोही अर्ध्या जोराने, फक्त फास्टबॉल. घरच्यांचा धीर बहुतेक वेळा चौथ्या आठवड्यात सुटतो, कारण तोवर मुलगा ‘आता काही दुखत नाही’ म्हणायला लागलेला असतो. न फेकल्यावर दुखणार कसं?

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. १९७४मध्ये फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या कोपरात दुसऱ्या मनगटातली कंडरा बसवून लिगामेंट नव्याने उभा केला. टॉमी जॉन १९७६मध्ये परतला आणि १९८९पर्यंत खेळला. ही अद्भुत कथा आहे, पण तिच्यातून जनतेने चुकीचा धडा घेतला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हायस्कूलमधल्या ५१ टक्के खेळाडूंना वाटत होतं की कोपर धडधाकट असतानाही खेळ सुधारायला ही शस्त्रक्रिया करून घ्यावी. पालकांत हे प्रमाण ३७ टक्के होतं आणि प्रशिक्षकांत ३०. अमेरिकेत २००७ ते २०११ या काळात झालेल्या अशा शस्त्रक्रियांपैकी ५६.७ टक्के १५ ते १९ वयोगटातल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर परतायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं. वेग वाढल्यासारखा वाटतो तो त्या वर्षभराच्या सक्तीच्या विश्रांतीमुळे आणि शिस्तीच्या व्यायामामुळे. तेच वर्षातले चार महिने आधी फुकट मिळत होते.

मग मुलाची वही ठेवायची कुणी? लीग म्हणते ट्रॅव्हल टीम आमच्या हाताखाली नाही. ट्रॅव्हल टीमचा मालक म्हणतो पालकांनी सांगावं. पालक म्हणतात कोचला कळतं. यात पालक सोडून कुणाकडेच मुलाचा पूर्ण आठवडा नसतो, म्हणून सुरुवात तिथूनच होते. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत तर गुंता आणखी एका पदराचा आहे. मुलगा मंगळवारी बेसबॉलला पिच करतो आणि शनिवारी क्रिकेट अकादमीत वेगवान गोलंदाजी, शिवाय सीमारेषेवरून फेकी. बेसबॉलच्या कोचला क्रिकेटची षटकं माहीत नाहीत, क्रिकेटच्या सरांना पिच माहीत नाहीत. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका दमात ५ षटकं अशी मर्यादा घातली आहे, बेसबॉलची ७५-८५ची आहे. दोन्ही पाळून खांद्याला दोन्हींची बेरीज मिळते. घरात एकाने, फ्रीजवरच्या कागदावर का होईना, तारीख, कुठला संघ, पिच किती, कॅचर होता का, षटकं किती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर किंवा खांदा दुखला का, एवढे रकाने भरले तरी शेजारच्या तीन कोचना मिळून जे माहीत नसतं ते कळतं.

पण नियम करणाऱ्यांची सुटका त्याने होत नाही. नोंदणीच्या अर्जावर जन्मतारीख आणि विम्याचा क्रमांक मागतात, तिथेच दुसऱ्या संघांची नावं आणि गेल्या सात दिवसांतले पिच मागता येतात. खोटं लिहिणारे निघतीलच. वयाचे खोटे दाखलेही निघतात, म्हणून कुणी वयोगट रद्द केले नाहीत. महाराष्ट्रात शालेय सॉफ्टबॉल १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत चालतो, आणि शालेय स्पर्धा म्हटली की दोन-तीन दिवसांत बाद फेरी उरकायची असते. जिंकत जाणाऱ्या शाळेच्या एकुलत्या पिचरला विश्रांती मिळते ती हरल्यावरच. इथे रडार गन नको, ॲप नको. स्कोअरशीटवर धावा आणि बाद लिहितात त्याच्या शेजारी पिचचा एक रकाना आखायचा, प्रत्येक पिचला एक उभी रेघ, पाचवी आडवी. आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीचं नाव पुन्हा पिचर म्हणून आलं की कालचा कागद पंचांच्या टेबलावर आधीच असला पाहिजे.